केबल सरकारची, माणूस ठेकेदाराचा

घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाला, चोवीस तास वीज मिळायला 2018 साल उजाडावं लागलं. गेटवेवरून तासाभराच्या लाँचवर असलेलं हे बेट 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तिथल्या तीन गावांत संध्याकाळी जनरेटरवर तीनेक तास दिवे लागायचे, मग अंधार. 22 फेब्रुवारी 2018 ला समुद्रतळावरून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून महावितरणची वीज तिथे पोचली. खर्च सुमारे 25 कोटी, घरगुती ग्राहक दोनशेच्या आसपास. भागाकार करून बघा, एका मीटरमागे बारा लाखांच्या वर जातात. त्या घरांच्या बिलांतून ते पैसे कधीच वसूल होणार नाहीत. तरीही ते खर्च झाले, आणि व्हायलाच हवे होते. नफ्याचा हिशेब मांडून बसलेल्या कोणीही ती केबल टाकली नसती.

मी उरण तालुक्यातली. आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेड शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज रायगड-ठाण्यातल्या खांबांवर चढतात. ‘सरकारने वीज, बोटी, बस असल्या धंद्यांत पडूच नये’ असं कोणी ठणकावून सांगितलं की मला आधी घारापुरी आठवते. पण गोष्ट तिथे संपवता येत नाही, कारण सरकारने वीज पोचवली तरी ती चालू ठेवणाऱ्या माणसाला सरकारने आपलं म्हटलेलं नाही.

आधी थोडं मागचं. 2022 च्या अखेरीस अदानींच्या कंपनीने वीज नियामक आयोगाकडे समांतर वितरणाचा, म्हणजे महावितरणच्याच भागात आपलीही वीज विकण्याचा, परवाना मागितला. कुठला? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा आणि आमचं उरण. म्हणजे कारखाने, गोदामं, बंदर आणि वेळेवर बिल भरणारी शहरं. गडचिरोली, मेळघाट कोणी मागितलं नाही. उद्योगांच्या आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून शेतीपंपांचा आणि आडगावांचा तोटा भरून निघतो, ही आपल्या वीजदराची जुनी रचना आहे. मलई वेगळी काढली तर उरलेल्या ताकावर महावितरण किती दिवस तगणार? 4 जानेवारी 2023 ला महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी 72 तासांच्या संपावर गेले. ऐंशी हजारांच्या वर कायम कर्मचारी आणि त्यांच्यासोबत चाळीस हजारांवर कंत्राटी. त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांशी बैठक झाली, खासगीकरण करणार नाही असा शब्द मिळाला आणि संप मागे घेतला गेला.

त्या संपाला माझा पाठिंबा होता, आजही आहे. पण त्यातला दुसरा आकडा बघा. कायम असलेल्या दोघांमागे कंत्राटी एक. म्हणजे ज्या खासगीकरणाविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, ते माणसांच्या बाबतीत आधीच होऊन गेलं होतं. तारा, खांब, रोहित्रं सरकारची राहिली आणि खांबावर चढणारा ठेकेदाराचा झाला. कुठल्याही खासगी मालकाने हे केलेलं नाही, सरकारी मालकीच्या कंपन्यांनी टेंडर काढून केलेलं आहे.

हे काम काय असतं ते ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. पावसात फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणारी मुख्य लाईन, बंद पडतो. रात्रीची वेळ, फॉल्ट कुठे आहे माहीत नाही. वायरमन टॉर्च घेऊन लाईन चालत जातो. फॉल्ट सापडला की उपकेंद्राच्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचं, म्हणजे ‘लाईन बंद आहे, मी सांगेपर्यंत चालू होणार नाही’ याची नोंद झाली पाहिजे. मग स्विच उघडून डोळ्याने खात्री करायची. मग डिस्चार्ज रॉडने तार अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. त्यानंतरच वर चढायचं. हे ‘दोन्ही बाजूंना’ मी वर्गात इतक्या वेळा घोकून घेते की मुलं वैतागतात. पण कुठल्यातरी हॉटेलचा किंवा बंगल्याचा जनरेटर नीट चेंजओव्हर (जनरेटर चालू असताना घर बाहेरच्या लाईनपासून तोडणारा स्विच) न लावता चालू असतो आणि बंद लाईनमध्ये उलटा सप्लाय येतो. उपकेंद्राने लाईन बंद केलेली असते, परमिट खिशात असतं, तरी माणूस चिकटतो. त्याला वाचवू शकतं ते फक्त ते अर्थिंग.

आता विचार करा, हा माणूस कंत्राटी आहे. परमिट नियमाने कायम कर्मचाऱ्याच्या नावावर निघतं आणि खांबावर हा चढतो. हातमोजे फाटले तर नवे कोणी द्यायचे, ठेकेदाराने की कार्यालयाने, यावर दोन्हीकडून बोटं दाखवली जातात. ‘अर्थिंग लावायला वेळ नाही, लोक ओरडतायत, पटकन उरक’ असं वरून सांगितलं गेलं तर कायम माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. कंत्राटी पोराने ‘नाही’ म्हटलं तर पुढच्या महिन्यात त्याचं नाव यादीत नसतं. सुरक्षिततेच्या भिंतीवरच्या पाट्या, पंधरवडे, शपथा हे सगळं ठीकच आहे. पण धोक्याच्या कामाला नकार देण्याची ताकद नोकरीच्या शाश्वतीतून येते, पाटीतून नाही.

पगाराचं तर विचारूच नका. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, “मॅडम, बँकेत पूर्ण पैसे येतात, पण त्यातले काही रोख परत द्यावे लागतात. यावर पीएफ कसा मोजतात?” पीएफचं उत्तर मला देता आलं. बाकीच्याचं काय देणार? ठेकेदार कोण ते त्याने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही, कारण नाव बाहेर आलं तर भोगणार तोच. कागदावर किमान वेतन, हातात त्याहून कमी. आणि दर नव्या टेंडरला ठेकेदार बदलला की नोकरी नव्याने सुरू. त्याच खांबांवर सात-आठ वर्षं काढलेला मुलगा कागदोपत्री नवखाच राहतो.

कायम भरतीची वाटही सोपी नाही. विद्युत सहायकाच्या 5,347 पदांची जाहिरात आली तेव्हा आमच्याकडे अर्ज भरायला झुंबड उडाली होती. पहिल्या वर्षी महिना 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000, तिसऱ्या वर्षी 17,000 रुपये मानधन. तीन वर्षं पार पडली की मग तंत्रज्ञ. जिवाशी खेळ असलेल्या कामाला हे मानधन कमी आहे असं मी म्हणेन, पण त्या मुलांना ते सोन्यासारखं वाटत होतं, कारण त्यापुढे कायमची नोकरी होती.

कायदा याविषयी गप्प होता असंही नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात बारमाही कामासाठी कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद होती. वीजवाहिनीची देखभाल बारमाही नाही तर काय आहे? ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, हेही त्यात होतं. नव्या कामगार संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. मुख्य कामात कंत्राटी मजूर नकोत असंही ती म्हणते. पण ते काम त्या व्यवसायात सहसा ठेकेदाराकडूनच होत असेल तर चालेल, अशी सूटही देते. म्हणजे आधी वर्षानुवर्षं ठेकेदारांकडून काम करून घ्यायचं आणि मग म्हणायचं की हे तर सहसा ठेकेदारच करतात. कामगार खात्याने ही सूट वीज कंपन्यांना लागू होऊ देता कामा नये.

स्कॉटलंडची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या सरकारने जुलै 2023 पासून अट घातली की सरकारी अनुदान हवं असेल तर माणसांना जगण्यापुरतं खरं वेतन द्या, कायद्याच्या किमान वेतनाहून ते जास्त असतं, आणि कामगारांना बोलायला जागा ठेवा. पैसा लोकांचा, तर अटही लोकांची. आपल्याकडे टेंडरमध्ये खांबाची जाडी, तारेचा गेज, इन्सुलेटरचा दर्जा सगळं बारीक लिहिलेलं असतं. माणसाच्या पगाराची अट असते ती कागद जोडण्यापुरती. सगळ्यात कमी बोली लावणारा ती बोली कुठून भरून काढणार? खांब अर्धा देता येत नाही. पगार अर्धा देता येतो.

बेटांच्या बोटीही तिथे सरकारी मालकीची कंपनी चालवते, आणि तेवढंच अंतर रस्त्याने जायला जो खर्च येईल त्याच्याशी तिकीट जोडलेलं आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. 2015 मध्ये दोन फेरीबोटींचं काम दिलं, त्यातली पहिली प्रवासी घेऊन निघायला 2025 उजाडलं आणि खर्च कित्येक पटींनी वाढला. बेटावरचे लोक चिडले ते साहजिकच होतं. पण त्यांना कोणाला जाब विचारायचा हे माहीत होतं, आणि मंत्र्यांना संसदेत उत्तरं द्यावी लागली.

आमच्याकडे उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच कोणामुळे बंद आहे हे विचारायला गेलं तर उत्तर मिळतं, गाळामुळे. उधाणाची मोठी ओहोटी असली की मोरा बंदरात लाँच लागूच शकत नाही, तासन्‌तास फेऱ्या बंद. भाऊच्या धक्क्यावर कामावरून परतणारी माणसं डबे घेऊन बसून असतात. गाळ काढायचे कोट्यवधी खर्च होतात, गाळ परत येतो. जानेवारी 2024 मध्ये जवळजवळ 22 किलोमीटरचा अटल सेतू याच खाडीवरून उघडला. चांगली गोष्ट आहे, त्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण त्यावरून दुचाकी जात नाही आणि मोटारीला एका खेपेचा 250 रुपये टोल. घारापुरीच्या माणसाला तर त्याचा उपयोगच नाही. बेटावर कोणी अत्यवस्थ झालं तर आजही आधी बोट शोधायची.

एक साधी गोष्ट सुचवते. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना त्याआधीच प्रवास मोफत झाला. सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं. घारापुरीच्या बाईच्या गावात एसटी जाऊच शकत नाही. तिची एसटी म्हणजे लाँच. मग तिला ती सवलत का नाही? पैसे भरून द्यायची पद्धत तयार आहे, फक्त ती पाण्यावर न्यायची आहे. बेटावरच्या रहिवाशांना पास, रोजची ठरलेली पहिली आणि शेवटची फेरी, रात्री रुग्णासाठी कायम तयार एक बोट. या तीन गोष्टी लाँचना परवाने देणाऱ्या सागरी मंडळाने परवान्याच्या अटीत घालाव्यात आणि त्यातला तोटा सरकारने सोसावा. केबलचा सोसलाच ना?

आणि सुरक्षितता. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. पंधरा जीव गेले. धडक नौदलाच्या बोटीची, हे खरंच. पण परवाना 84 प्रवासी आणि 6 खलाशांचा असताना बोटीवर शंभराच्या वर माणसं होती. अंगात लाईफ जॅकेट नव्हती, असं वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं. नंतर जॅकेट सक्तीची झाली. ‘रामदास’ ही प्रवासी बोट बुडाली ती 17 जुलै 1947 ला, सहाशेच्या वर माणसं घेऊन गेली. तेव्हापासून दर अपघातानंतर नियम कडक होतात आणि तपासायला धक्क्यावर माणूस नसतो. निरीक्षकांची पदं भरा, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. लाँचवरचे तांडेल-खलाशीही बहुतेक हंगामी. पावसाळ्यात फेऱ्या घटल्या की त्यांची कमाई घटते, मग सुगीच्या दिवसांत बोट भरून नेण्याचा मोह मालकाइतकाच त्यांनाही होतो. त्यांना बारमाही पगार असला तर ‘बोट भरली, आता पुढच्या फेरीला या’ असं म्हणायला त्यांना जड जाणार नाही.

माझे जे विद्यार्थी कंत्राटी आहेत त्यांच्यासाठी शेवटचं. पगाराची पावती दर महिन्याला मागा, फोटो काढून ठेवा. पीएफचा यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ क्रमांक, स्वतःच्या मोबाईलला जोडा, ठेकेदाराच्या नाही. कुठल्या दिवशी कुठल्या फीडरवर काम केलं याची वही ठेवा. कामगार आयुक्तांकडे द्यायचं निवेदन आम्ही काही जण मिळून तयार करतोय. पावत्या मला मेसेजवर पाठवा, नाव कुठेही येणार नाही. ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांनी या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावून चेंजओव्हर स्विच तपासून घ्या, पाऊस तोंडावर आलाय.