वेगळ्या पंगतीबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशातल्या सहलीवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते, पण आपण ज्या शब्दांत ती लिहिली आहे ते शब्द दोन ओळींत बाजूला सारण्यासारखे नाहीत, म्हणून हे सविस्तर उत्तर. मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी आणि माझा जोडीदार दिजोंपासून लिओंपर्यंत एका लहान गटाबरोबर फिरलो. ही सहल केवळ समलिंगी पुरुषांसाठी आखलेली होती आणि द्राक्षमळे, वाइनची तळघरे, आठवडी बाजार व निवांत जेवणे हाच तिचा कार्यक्रम होता. त्यावर आपण लिहिता : “जेवणाला आणि वाइनला लैंगिकता कुठून आली? फ्रान्ससारख्या मोकळ्या देशात जाऊन पुन्हा आपलीच वेगळी पंगत मांडायची आणि जगाने वेगळे वागवले की गळा काढायचा, ही कसली थेरं? एवढ्या पैशांत दोघांचा अख्खा युरोप झाला असता. शाकाहारी माणसाने तिथे काय खायचे हे लिहिलेलेच नाही. आणि वाइनच प्यायची तर नाशिक काय वाईट आहे?”

आधी आपल्या भाषेबद्दल बोलतो. माझ्या लेखात तक्रारीचे एकही वाक्य नाही. तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत आनंदाचा आहे, आणि तरीही आपल्याला त्यात गळा काढलेला ऐकू आला. एखाद्या नवपरिणीत जोडप्याने मधुचंद्राच्या सहलीबद्दल तेवढ्याच उत्साहाने लिहिले असते, तर त्याखाली आपण ‘थेरं’ हा शब्द लिहिला असता का, याचा आपणच विचार करावा. आपल्या पुण्या-मुंबईतून खास महिलांच्या सहली निघतात, ज्येष्ठ नागरिकांच्या निघतात, नवविवाहितांच्या निघतात. त्यांच्या जाहिराती रविवारच्या पुरवण्यांतून आपणही पाहत असाल. त्या सहलींना जाणाऱ्या बायकांना ‘तुम्ही वेगळी पंगत का मांडता’ असे कोणी विचारत नाही, कारण त्यामागची सोय सगळ्यांना समजते. आमची सोय मात्र आपल्याला थेर वाटते. मतभेद असू शकतात, त्यांचे मी स्वागतच करतो. पण अनोळखी माणसाच्या संसाराबद्दल बोलताना शब्द जरा जपून वापरावेत, एवढी अपेक्षा मराठी वाचकाकडून ठेवली तर ती फार मोठी नव्हे.

आपला एक मुद्दा मात्र रास्त आहे. शाकाहारी वाचकांसाठी मूळ लेखात चार ओळी असायला हव्या होत्या, त्या इथे देतो. बर्गंडीचे पारंपरिक जेवण शाकाहाऱ्यांसाठी अवघड आहे. रेड वाइनच्या रश्श्यात सोडलेली अंडी नुसती अंडी वाटतात, पण त्या रश्श्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि त्याचा आधार बहुधा मांसाचा अर्क असतो. द्राक्षांपासून काढलेल्या मार नावाच्या दारूने धुऊन मुरवलेले एप्वास चीज प्रसिद्ध आहे, पण तिथल्या बहुतेक जुन्या चीजप्रमाणे तेही वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. चीज घातलेले गुजेर नावाचे फुगीर वडे, भाज्या, पाव आणि फळे यांवर भागते, पण सहलीवाल्यांना आधी कळवलेले बरे. या मुद्द्यावर आपले आभार.

आता त्या ‘वेगळ्या पंगती’कडे वळतो. आपल्या प्रतिक्रियेतल्या या एकाच वाक्याने मला लिहायला बसवले आहे.

फ्रान्समधले जेवण म्हणजे नेमके काय असते, हे लक्षात घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच भोजनपद्धतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा तो मान कुठल्या एका पदार्थाला मिळाला नव्हता. माणसांनी एकत्र जमून, पेयापासून गोडापर्यंत एकामागून एक येणारे पदार्थ, त्यांना शोभणाऱ्या वाइनसह, गप्पा मारत सावकाश खाण्याच्या पद्धतीला तो मिळाला. बर्गंडीत हे जेवण बहुधा कीरने सुरू होते. आलिगोते जातीच्या पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या करंट या फळाचे मद्य मिसळून ते करतात, आणि दिजोंचे महापौर असलेले धर्मगुरू फेलिक्स कीर यांचे नाव त्याला चिकटले आहे. तिथपासून चीजपर्यंत पोहोचायला तीन तास सहज लागतात. त्या तीन तासांत माणसे हवापाण्यावर बोलत नाहीत. घर कुठे, कोणाबरोबर राहता, कसे भेटलात, स्वयंपाक कोण करते, हेच बोलतात. आयफेल टॉवर दाखवणाऱ्या पन्नास जणांच्या बसमध्ये खिडकीबाहेर पाहत गप्प बसता येते. फ्रेंच जेवणाच्या टेबलावर ती सोय नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. आम्ही दोघे यापूर्वी पुण्याहून निघालेल्या एका सर्वसाधारण गट-सहलीला युरोपात गेलो होतो. सहप्रवासी मायाळू होते, आणि हे मी अगदी मनापासून लिहितो. पण पहिल्याच संध्याकाळी एका काकूंनी विचारले, “बायकांना घरी ठेवून आलात होय?” आणि त्या क्षणी, ठरवलेले नसताना, माझ्या तोंडून निघून गेले की आम्ही मावसभाऊ आहोत. त्यानंतर संपूर्ण सहलभर आम्ही मावसभाऊच राहिलो. मावशीचे नाव काय, कुठल्या वाड्यात राहत होती, हे दोघांनी रात्री खोलीत बसून जुळवून घ्यायचे आणि सकाळी नाश्त्याला एकसारखे सांगायचे. त्या काकूंनी परतण्याआधी आपल्या भाचीचे स्थळही सुचवले, माझ्या जोडीदारासाठी, माझ्यासमोर. त्या सहलीत आम्ही काय खाल्ले ते मला आठवत नाही. जिभेवर खोटे तोललेले असताना चवीकडे लक्ष जात नाही. आपण विचारता, जेवणाला लैंगिकता कुठून आली. ती त्या काकूंच्या प्रश्नातून आली, आणि त्यात त्यांचाही दोष नव्हता.

आपण म्हणाल की हे मराठी लोकांचे झाले, फ्रान्समध्ये असे होत नाही. होते. एका खेड्यातल्या घरगुती निवासात आम्ही स्वतंत्रपणे उतरलो होतो. तिथे रात्री यजमान आणि सगळे पाहुणे एकाच टेबलावर जेवतात. आरक्षण दुहेरी पलंगाचे असूनही यजमानीणबाईंनी आम्हाला पाहताच, न विचारता, दोन वेगळे पलंग असलेली खोली उघडली, आणि जेवताना आमच्या दोघांच्या मध्ये एका बेल्जियन आजोबांना बसवले. उद्धटपणा कुठेच नव्हता. पण तिथल्या ससेरश्श्याची चव विचाराल तर मी सांगू शकणार नाही.

‘फ्रान्ससारखा मोकळा देश’ हे शब्द आपण फार सहज लिहून टाकले आहेत. १७९१ च्या दंडसंहितेत फ्रान्सने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलमच ठेवले नाही, हे खरे, आणि ते अभिमानास्पद आहे. पण १९४२ मध्ये नाझींशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारने समलिंगी संबंधांसाठी संमतिवयाची वेगळी, वरची मर्यादा घालून हा भेद कायद्यात परत आणला, आणि युद्ध संपले, सरकार गेले, तरी तो भेद १९८२ पर्यंत टिकला. १९६० मध्ये खासदार पोल मिर्गे यांच्या दुरुस्तीने समलैंगिकतेला ‘सामाजिक अरिष्टां’च्या यादीत बसवले, आणि त्याच यादीत मद्यपानाचे व्यसनही होते. समलिंगी लोकांच्या वाइन-सहलीवर लिहिताना हा तपशील मला विसरता येत नाही. १९९९ मध्ये नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा आला, २०१३ मध्ये विवाहाचा आला, आणि तो येऊ नये म्हणून त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघाले. आमच्या गटात जे साठीच्या पुढचे होते, त्यांच्या तरुणपणी हा मोकळा देश त्यांच्यासाठी तेवढा मोकळा नव्हता. आम्हा दोघांबद्दल म्हणाल, तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत आम्ही आपल्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार होतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही आमचा विवाह इथे होऊ शकत नाही.

जेवण आणि समलिंगी माणसे यांचा फ्रान्समध्ये काही संबंध नाही, असे आपल्याला वाटत असेल तर आणखी एक गोष्ट सांगतो. लिओंच्या पूर्वेला बुजे नावाचा प्रदेश आहे. तिथे बेले गावाजवळच्या बिलिन्यॅं या वस्तीत अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइन आणि तिची आयुष्यभराची सोबतीण ॲलिस टोकलस यांनी अनेक उन्हाळे काढले, आणि युद्धाची वर्षेही त्यांनी त्याच प्रदेशात काढली. टोकलस तिथे भाजीपाला पिकवत असे, स्वयंपाक करत असे, आणि फ्रेंच घरगुती स्वयंपाक इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत तिचे नाव घेतले जाते. १९४६ मध्ये स्टाइन गेली. कायद्याच्या लेखी टोकलस तिची कोणीच नव्हती. कालांतराने स्टाइनच्या वारसांनी घरातली चित्रे काढून नेली आणि टोकलसचे शेवटचे दिवस ओढाताणीत गेले. ज्या टेबलावर पिकासो जेवला, ते टेबल चालवणारी बाई त्या घरात कायद्याने परकी होती. हा किस्सा आमच्या मार्गदर्शकाने लिओंमधल्या एका बुशोंमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक खाणावळीत, जेवताजेवता सांगितला. सर्वसाधारण सहलीत तो कोणी सांगितला असता का, मला शंका आहे.

आणि आता बर्गंडीतल्या बोन गावातल्या त्या रात्रीबद्दल. मूळ लेखात मी ती जपून लिहिली होती. आपण ती वाचली असेल असे आपल्या शब्दांवरून वाटत नाही. गटात सत्तरी ओलांडलेले एक अमेरिकन गृहस्थ होते. यजमानाने व्होल्ने गावची प्रीमिए क्रू, म्हणजे वरच्या दर्जाच्या मळ्यातली, वाइन ओतली. गृहस्थांनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाले, “माझा नवरा हीच मागवायचा.” कोणी दचकले नाही, कोणी विषय बदलला नाही, कोणाचा चेहरा समंजस झाला नाही. शेजारच्याने एवढेच विचारले, “कशाबरोबर?” ते म्हणाले, भाजलेल्या कोंबडीबरोबर, आणि दर वेळी मीठ जास्त पडायचे. मग कोंबडी कशी भाजावी यावर टेबलावर वाद रंगला, ब्रेस भागातल्या निळ्या पायांच्या कोंबडीचा विषय निघाला, आणि ते गृहस्थ त्या वादात सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. आमची ‘वेगळी पंगत’ ही अशी होती.

पंक्तिभेद आपल्या समाजाने पुष्कळ पाहिला आहे. पण तो नेहमी वाढणाऱ्याच्या बाजूने झाला. ज्याला बाहेर, ओटीवर किंवा गोठ्याशेजारी बसवले गेले, त्याने तो कधी केला नाही. आम्ही कोणाला टेबलावरून उठवले नाही. आमचे यजमान, वाइन करणारे शेतकरी, बाजारातल्या चीजवाल्या बाई, हे सगळे त्या गावांतले साधे स्त्री-पुरुष होते, त्यांची लग्ने झालेली होती, आणि ते आमच्याबरोबरच बसले, जेवले.

गट लहान ठेवणे हाही आपल्याला दिमाख वाटला असेल. पण बर्गंडीत त्याचे कारण जमिनीच्या वाटपात आहे. क्लो द व्हूझो हा सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी उभा केलेला मळा सुमारे ५० हेक्टरांचा, आणि त्याचे मालक ८० च्या आसपास. रोमाने-काँतीचा जगप्रसिद्ध मळा दोन हेक्टरसुद्धा भरत नाही. बहुतेक उत्पादक घरचेच, तळघर घराखालीच. आम्ही गेलो त्या एका तळघरात शेतकऱ्याने काचेच्या लांब नळीने पिंपातून वाइन ओढली आणि प्रत्येकाच्या पेल्यात घोटभर सोडली. मग शेजारच्या पिंपातून तितकीच. दोन्ही मळ्यांच्या मध्ये फक्त बैलगाडीच्या रुंदीची वाट होती, द्राक्षाची जात एकच पिनो न्वार, तरी पहिली वाइन मऊ आणि दुसरी ताठ लागली. तिथे पन्नास माणसे उभी राहू शकत नाहीत, आणि पन्नास माणसांना पिंपातून चाखायला द्यायला त्या माणसाला परवडणारही नाही.

खर्चाबद्दल मी काही लिहिणार नाही. आमचे पैसे आम्ही कमावले, आम्ही खर्च केले. राहिले नाशिक. तिथल्या मळ्यांवर मी यापूर्वी लिहिले आहे आणि सुगीच्या दिवसांत तिकडे जातोही. बोनला गेल्याने नाशिक सुटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. सहलीच्या मार्गाबद्दल, वाइनबद्दल, शाकाहाराबद्दल आपले आणखी काही प्रश्न असतील तर अवश्य विचारा, वेळ काढून उत्तर देईन. पण ‘थेरं’ हा शब्द असलेली पुढची प्रतिक्रिया इथे प्रसिद्ध होणार नाही, आणि आपण आपल्या नावाने लिहिलेत तर बरे होईल. मी माझ्या नावाने लिहितो.