ताटात टाकू नका, पण तो फोटोही पाठवू नका

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी पुन्हा तोच फोटो. जमिनीवर कोसळलेलं हाडकुळं मूल, मागे टपून बसलेलं गिधाड, खाली 'ताटात अन्न टाकण्यापूर्वी एकदा हे बघा'. त्यावर अंगठ्यांची आणि हात जोडल्याची रांग.

काका, तो फोटो १९९३ चा आहे. केव्हिन कार्टरने आयोदला काढलेला. ते गाव आता दक्षिण सुदानमध्ये येतं. तेव्हाही तिथे यादवी युद्धच चालू होतं. तुमच्या नातवाने भेंडी संपवावी म्हणून ते मूल तिथे पडलं नव्हतं.

मी एवढंच लिहिलं की सुदानमध्ये आत्ताही माणसं उपाशी आहेत, आणि पाऊस पडला नाही म्हणून नव्हे. तर उत्तर आलं, 'त्या लोकांना शेतीच जमत नाही हो.'

इथे माझं डोकं फिरलं.

आम्ही कोंढव्यात राहायचो तेव्हा खालच्या मजल्यावर सुदानी विद्यार्थी भाड्याने असायचे. त्यातला एक वद मदनी शहराजवळच्या खेड्यातला. आई भाकरी थापायला बसली की हा जिन्यात घुटमळणार. ज्वारीचा वास! एकदा त्याने पीठ मागून नेलं, रात्रभर आंबवलं आणि आमच्याच तव्यावर कागदासारखा पातळ किसरा करून दाखवला. आई म्हणाली, ही तर आंबोळीची बहीण. त्याचे वडील गेझिरातले शेतकरी. पांढऱ्या आणि निळ्या नाईलच्या मधला हा पट्टा. १९२५ च्या सेन्नार धरणापासून कालव्यावर भिजतो, वीस लाख एकरांहून मोठा. कापूस, गहू, भुईमूग, ज्वारी. शेती जमत नाही म्हणे!

एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींचं फाटलं. बुरहानचं लष्कर आणि हेमेद्तीची आरएसएफ ही निमलष्करी फौज. २०२१ मध्ये दोघांनी मिळूनच सत्ता बळकावली होती. डिसेंबरात आरएसएफ वद मदनीत घुसली. तिथलं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. पंधरा लाख माणसांना महिनाभर पुरेल एवढा साठा होता त्यात. देशाची बियाणं जपणारी पेढीसुद्धा सोडली नाही. आपल्या मंगळवेढ्याला कोठार उघडून देणाऱ्या दामाजीपंतांचं देऊळ आहे. तिकडे सुदानात कोठारं फोडणारे सरदार म्हणून मिरवतात. आमच्या त्या किसरावाल्या मुलाचा तेव्हा मेसेज आला होता: ट्रॅक्टर नेला, पोती नेली, पेरायला ठेवलेलं बीही नेलं. पुढे काहीच नाही. मीही काय लिहिणार?

त्या वर्षी देशाचं धान्य जवळजवळ निम्म्यावर आलं, ४१ लाख टन. हवामान बदलतंय, कोरडी वर्षं येतात, मान्य. पण २०२४ मध्ये पाऊस चांगला झाला. उत्पादन ६७ लाख टन, पाच वर्षांच्या सरासरीहून जास्त. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतात झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत भूकबळी पडतायत हे जगाने अधिकृतपणे मान्य केलं, डिसेंबरात, ऐन सुगीत, आणखी ठिकाणी. पूर्वेकडे गदारिफला पिकलेली ज्वारी दारफूरला पोचतच नाही. वाटेत नाक्यानाक्याला बंदूकवाले, प्रत्येकाचा हिस्सा. शेजारच्या चाडमधून धान्य येण्याचा आद्रेचा सीमानाका तर लष्कराच्या सरकारनेच २०२४ मध्ये महिनोनमहिने बंद ठेवला. म्हणजे एकजण लुटतो, दुसरा अडवतो.

दारफूरमधल्या अल-फाशर शहराला आरएसएफचा दीड वर्ष वेढा होता. शहराभोवती मातीचे बांध घातले, आत पोतं जाऊ नये म्हणून. लोकांनी शेंगदाण्याची पेंड खाल्ली. आपण गुरांपुढे टाकतो ती पेंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं. पुढचं मी लिहीत नाही.

(आता कुणीतरी 'आधी मेळघाट बघा' म्हणेल. बघा ना, कुणी अडवलंय? आणि ताटात टाकू नये हेही बरोबरच आहे.)

थोडं शांत होऊन लिहिते. तो मुलगा आता कैरोत आहे. जानेवारी २०२५ मध्ये लष्कराने मदनी परत घेतल्यावर वडील शेतावर गेले. कालव्यात गाळ, पंप गायब, तरी थोडी ज्वारी टाकली म्हणतो. त्याचा चुलतभाऊ खार्तूममध्ये 'तकाया'त राबतो, म्हणजे मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणीवर चालवलेलं स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात मसूर नाहीतर ज्वारी, आणि बाहेर डबे घेऊन बायका. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. त्याच वर्षी या पोरांच्या 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स'ना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आनंद आहे. पण मसूर कोण देणार?

युद्धाला पैसा मात्र कमी पडत नाही. सुदानचं सोनं निघतं, बरंचसं दुबईला जातं. आरएसएफला शस्त्रं संयुक्त अरब अमिरातीकडून येतात असे आरोप आहेत, अमिरात नाकारते. नाकारू दे. आमच्या ग्रुपवरचे दोघंतिघं दरवर्षी दुबईहूनच सोनं आणतात, आणि पावतीवर खाणीचं नाव नसतं. त्यांना मी आज काही बोलले नाही. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तेव्हा बघू.