मर्ल हॅगर्ड यांनी तिशी ओलांडल्यावर हाती घेतलेली फिडल

अमेरिकी गायक मर्ल हॅगर्ड आणि त्यांचा ‘द स्ट्रेंजर्स’ हा कंट्री (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांचा) बँड यांनी १९७० साली बॉब विल्स यांच्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम काढला. तो परवा पुन्हा सलग ऐकला आणि जुनी गाणी नव्याने गाणाऱ्यांकडे पाहून मी एरवी जे नाक मुरडतो, ते या अल्बमपुरते तरी मागे घेतले पाहिजे असे वाटले.

विल्स हे टेक्सासचे फिडलवादक; फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजते ते व्हायोलिन. १९३०च्या दशकात टल्सा शहरातल्या नाचघरांत आणि रेडिओवर गाजलेल्या त्यांच्या ‘टेक्सास प्लेबॉइज’ या बँडने खेडवळ फिडलच्या शेजारी ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम आणि विजेवरची स्टील गिटार आणून बसवली आणि जॅझप्रमाणे वादकाला ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याची मुभा दिली. यालाच पुढे वेस्टर्न स्विंग म्हणू लागले. (हवाईयन गिटारवर व्हॅन शिपले यांनी वाजवलेली हिंदी चित्रपटगीते ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना स्टील गिटारचा तो घसरता सूर परका वाटणार नाही.)

हॅगर्ड यांनी हा अल्बम कोणत्या वेळी केला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आदल्याच वर्षी ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ या गाण्याने त्यांना व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांवर चिडलेल्या, परंपरावादी गोऱ्या अमेरिकेचा आवाज ठरवले होते. त्याच धाटणीची आणखी चार गाणी करून पैसा मिळवणे सोपे होते. त्याऐवजी त्यांनी जे संगीत निवडले, त्याच्या नसानसांत कृष्णवर्णीयांनी घडवलेले ब्लूज आणि जॅझ आहे. अल्बममधले ‘ओल्ड फॅशन्ड लव्ह’ हे गाणे तर मुळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले कृष्णवर्णीय पियानोवादक जेम्स पी. जॉन्सन यांनी १९२३च्या ज्या संगीतिकेसाठी रचले, तिच्यातूनच ‘चार्ल्स्टन’ नाच अमेरिकाभर पसरला. कंट्री म्हणजे निव्वळ गोऱ्या शेतकऱ्यांचे संगीत, असे मानणाऱ्यांनी हे गाणे जरूर ऐकावे.

विल्स यांना १९६९ साली पक्षाघात झाला होता, त्यामुळे त्यांची स्वतःची फिडल या अल्बममध्ये असणे शक्य नव्हते. हॅगर्ड गायक आणि गिटारवादक म्हणून प्रस्थापित असूनही या अल्बमसाठी काही महिने खपून फिडल शिकले. शिवाय विल्स यांच्या सहा जुन्या साथीदारांना त्यांनी बोलावून घेतले. जॉनी गिंबल यांची फिडल, टायनी मूर यांचे इलेक्ट्रिक मँडोलिन आणि एल्डन शॅम्ब्लिन यांची गिटार ऐकताना जाणवते, की ही मंडळी जुने वादन घोकून आलेली नाहीत. मूर यांच्या मँडोलिनचे सूर तर तालाच्या किंचित पुढे धावतात आणि सगळ्या बँडला आपल्यामागे ओढत नेतात. हॅगर्ड यांचा आवाज मात्र विल्स यांचे गायक टॉमी डंकन यांच्याइतका निश्चिंत नाही, त्यात उदासी आहे, आणि नाचाच्या गाण्यांत ती कधी कधी खटकते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बारा गाण्यांतले बहुतेक प्रत्येक दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि वाद्यांना रंग चढतो न चढतो तोच पुढचे सुरू होते. मूर आणि शॅम्ब्लिन पुढे ‘द स्ट्रेंजर्स’मध्येच दाखल झाले, म्हणजे ही बैठक इतक्यात संपवायची नाही असे हॅगर्ड यांनाही वाटले असावे.