वास घेऊन शुगर उतरत नाही, गोळ्या बंद करू नका

कोथरूडच्या माझ्या आत्याने चार दिवस शुगरची गोळी घेतली नाही. का, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आला : जेवणाआधी दहा मिनिटं आवडत्या गोड पदार्थाचा नुसता वास घ्या, मेंदूच इन्सुलिन सोडतो, गोळी लागत नाही, नोबेलवाल्या पावलोवने हे सिद्ध केलंय. बिचारी रोज शिरा समोर ठेवून वास घेत बसायची आणि काल उपाशीपोटी शुगर २१२ निघाली. आता गप्प बसवत नाही.

पावलोव या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं १९०४ ला, पचनावरच्या कामासाठी. त्याने कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर उघडली होती, त्यामुळे खाल्लेला घास पोटात न जाता बाहेर पडायचा, आणि तरी काही मिनिटांत जठरात पाचकरस झरायला लागायचा. मेंदूकडून पोटाकडे जाणारी वॅगस नर्व्ह कापली की तो रस बंद. म्हणजे मेंदू आधीच तयारीला लागतो हे शंभर टक्के खरं. पण यात शुगर उतरल्याचं कुठे आलं?

बरं, माणसातही घास तोंडात गेल्या गेल्या थोडं इन्सुलिन सुटतं, हे मान्य करावंच लागेल. पण ते अगदी जरासं, काही मिनिटांपुरतं. नुसत्या वासाने शुगर उतरत असती तर लक्ष्मी रोडवर मिठाईच्या दुकानासमोर धडधाकट माणसं चक्कर येऊन पडली असती! आणि आत्याची गोळी मेटफॉर्मिन आहे, ती मुख्यतः लिव्हरमधून रक्तात येणारी साखर आवरते, रात्रभर पोटात काही नसतानाही ही साखर येतच असते, म्हणून तर सकाळचा आकडा चढला. ते काम शिऱ्याचा वास कसं करणार? टाइप १ डायबिटीसवाल्यांच्या शरीरात तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच जवळपास संपलेल्या असतात, मेंदूने कितीही हुकूम सोडला तरी सुटणार काय? त्यांनी हे वाचून इंजेक्शन टाळलं तर एक-दोन दिवसांत आयसीयू गाठावं लागेल, जीवही जाऊ शकतो.

मेसेजमधलं बाकीचं : 'वासाने तरतरी येते म्हणजे साखर जळतेय.' नाही हो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी आहेत, त्या भूक आणि जाग दोन्हीत कामाला असतात, म्हणून तरतरी आली म्हणजे साखर जळतेय असं होत नाही; ओरेक्सिन १९९८ मध्येच सापडलंय. 'तोंडाला पाणी सुटलं म्हणजे शरीराला त्या पदार्थाची गरज आहे' हेही चूक, भरल्या पोटी मिसळीच्या तर्रीचा वास आला तरी पाणी सुटतंच ना, ती सवय असते. पोट गुरगुरणं म्हणजे विषारी द्रव्यं बाहेर पडणं नव्हे, रिकाम्या आतड्यात हवा-पाणी पुढे ढकललं जातं त्याचा तो आवाज.

डॉक्टरांना फोन करून आत्याची गोळी काल रात्रीच परत सुरू केलीय. काका, तुम्ही तो मेसेज ग्रुपवरून डिलीट करा, आणि भिशीच्या ग्रुपवर पाठवलाय तिथेही आजच सांगा, तिथे दोघीजणी इन्सुलिनवर आहेत.