माती सुकली म्हणून गाड्या कमी? हो, खरंच

"इंग्लंडात माती सुकली म्हणून रेल्वे बंद! आमच्याकडे 45 डिग्रीत गाड्या धावतात. सगळे खासगी कंपनीचे बहाणे." ही पोस्ट चार ग्रुपांवरून माझ्याकडे आली, खाली "टँकरने पाणी मारा" असा सल्लाही. हसू येतं, पण त्यातलं जवळपास काहीच बरोबर नाही.

रेल्वे बंद नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये लंडन वॉटर्लू ते एक्झेटर मार्गावर पश्चिमेकडच्या टप्प्यात तासाला एक गाडी असायची, ती दोन तासांना एक केली.

45 डिग्रीचा इथे संबंधच नाही. उन्हाने रूळ वाकतो ते वेगळं. इथे दुखणं रुळाखालच्या भरावाचं. चिकणमातीतलं पाणी गेलं की ती आकसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे काय सांगायचं? मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढी भेग पडते आणि त्याच जमिनीवरच्या घराच्या भिंतीला चीर जाते. भरावही सगळीकडे सारखा बसत नाही. झाडं जिथे पाणी ओढतात तिथे जास्त. रुळाची पातळी बिघडते, म्हणून वेग कमी करावा लागतो. तो मार्ग 1860 च्या सुमाराचा; तेव्हा माती खणायची आणि ओतायची, दाबायला रोलर कुठला?

मग नुसत्या हळू का नाही चालवल्या, कमी का केल्या? इथे खरी मेख आहे. वाटेतल्या सॉल्सबरीच्या पुढे बराचसा मार्ग 1967 मध्ये एकेरी करून टाकला. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला क्रॉसिंगसाठी ताटकळणं ठाऊक आहे. एक गाडी रखडली की समोरचीही रखडते. टोमणा मारायचाच तर त्या काटकसरीला मारा.

'आमच्याकडे' म्हणाल, तर काळ्या मातीची धास्ती आपल्या रेल्वेलाही आहे. म्हणून तर भरावावर ब्लँकेटचा, म्हणजे जाडसर दाणेदार मालाचा, वेगळा थर देतात आणि रूळ बिघडला की लोको पायलटच्या हाती कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू हाकण्याची लेखी सूचना, पडते.

खासगी कंपनी? या गाड्या चालवणारी तिकडची साउथ वेस्टर्न रेल्वे 25 मे 2025 लाच सरकारी झाली होती. रूळ आणि भराव तर त्याआधीपासून नेटवर्क रेल या सरकारी संस्थेकडे.

राहता राहिला "टँकरने पाणी मारा" हा सल्ला. मैलोन्‌मैल भराव आतपर्यंत सारखा भिजवणं टँकरचं काम नाही, आणि भेगांत भसकन शिरलेल्या पाण्याने उतारच घसरायचा. त्याला सावकाश झिरपणारा पाऊसच हवा. तोवर रुळाखालची खडी ठोकून बसवणाऱ्या टॅम्पिंग मशीनने रूळ सारखा करायचा, खचला की पुन्हा करायचा.