तुम्ही तसे दिसत नाही

मी ज्यू दिसत नाही, हे मला एका कोकणस्थाने सांगितलं. तेही चहा पाजून.

झालं असं, की आमच्या ठाण्यातल्या एका हौशी नाट्यमंडळाने राज्य नाट्य स्पर्धेसाठी ज्यू कुटुंबावरचं विनोदी नाटक घेतलं. लेखक, दिग्दर्शक आणि मंडळाचा खजिनदार एकच. टाळेबंदीत घरी बसून त्याने अमेरिकन मालिका बघितल्या आणि त्यातून हे नाटक झालं. न्यूयॉर्कमधलं घर, कर्मठ आजोबा. नातू योम किप्पुरच्या कडक उपवासाला फ्रिज उघडून सँडविच खाताना सापडतो, आणि तिथून दोन अंकभर 'आपण नक्की कोण?' यावर सगळे एकमेकांवर ओरडतात. शेवटी आजोबा मरतात.

"विनोदी नाटकात?" मी विचारलं.

"ज्यू विनोद असाच असतो," त्याने मला समजावलं.

मी मान डोलावली. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, कुटुंबात जन्मून पन्नास वर्षं झाली, पण ही गोष्ट माझ्या कानावर आली नव्हती.

आजोबांच्या भूमिकेची चाचणी होती. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट आपल्याला वशिल्याशिवाय मिळणार. आईने तर शेजारी सांगूनही टाकलं. दिग्दर्शकाने मला खिडकीपाशी उभं केलं, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही तसे दिसत नाही."

"तसे म्हणजे कसे?"

त्याने उत्तर दिलं नाही, नुसता स्वतःच्या नाकावरून हात फिरवला. ते नाक खरंच बघण्यासारखं होतं. वर घारे डोळे, लालबुंद गोरा रंग. माझा रंग अलिबागचा, नाक बेताचं आणि आडनावाच्या शेवटी 'कर'. दोन मिनिटं शांततेत गेली आणि आजोबांची भूमिका त्याने स्वतःकडे घेतली. मला सल्लागार केलं. सल्लागार म्हणजे ज्याला मानधन नाही आणि टाळ्याही नाहीत.

आता यात एक गंमत आहे. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि आम्ही सगळे त्यांचे वंशज. कोकणस्थांच्या कथेतही समुद्रावर वाहून आलेले चौदाच जण आहेत. परशुरामाने त्यांना जिवंत केलं. कोकणचा किनारा तोच, आकडाही तोच. एका बोटीतल्यांना दिग्दर्शन मिळालं, दुसऱ्या बोटीतल्यांना तेलाचा घाणा.

घाण्याचं पहिल्या तालमीलाच निघालं. सगळ्यांना पार्श्वभूमी सांगा, अशी आज्ञा झाली. मी सांगितलं, की कोकणात आमचे लोक तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. नेपथ्यवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे शनीला तेल वाहणारे! आमच्याकडेही कडक पाळतात." हे दुरुस्त करायला अर्धा तास गेला. मग मी 1960च्या दशकातली गोष्ट काढली. लग्नं लावण्यापूर्वी आमच्या लोकांची वंशावळ तपासा, असं इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं. आमची माणसं तिथे रस्त्यावर उतरली, आणि शेवटी 1964 साली आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत हे मान्य झालं. एवढं गंभीर सांगून मी थांबलो, तर मागून आवाज आला, "मुख्य रब्बी असतात, तर खरीपही असतात का?"

पण तो पोरगा परवडला. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, "तेव्हाही शंका होतीच म्हणजे."

त्याची खरी अडचण ही, की ज्यू कसा असतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि मी मध्येमध्ये येत होतो. त्याने मला सणांची 'अस्सल' नावं विचारली. मी आजीची नावं सांगितली. ती योम किप्पुरला दारफळणीचा सण म्हणायची, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची. दुसरा दिवस शिळा सण. सुक्कोथ म्हणजे खिरीचा सण. पुरीम म्हणजे चक्क होळीचा सण, कारण दोन्ही मागेपुढेच येतात. त्याने एकही नाव लिहून घेतलं नाही. "हे ज्यू वाटत नाही हो. हे रोह्याचं वाटतं."

आजी रोह्याचीच होती.

मग उच्चार. पात्रांनी ज्यू लहेजात बोलायचं, तो मी शिकवायचा. मी म्हटलं, "हा जो ऐकताय तोच." त्याला मी चेष्टा करतोय असं वाटलं. संकटात 'ओय वे' म्हणायचं असं संहितेत तेवीस ठिकाणी होतं. हे यिडिश. पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, माझ्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेली नाही. आजी संकटात 'अगं बया' म्हणायची आणि संकट फारच मोठं असलं तर 'एलियाहू हनाबी!' म्हणून थेट प्रेषिताला हाक मारायची. पण 'ओय वे' राहिलं. सुनेचं काम करणारी बाई ते इतक्या ठसक्यात म्हणायची, की न्यूयॉर्कमधलं ते कुटुंब अंबाल्याहून आल्यासारखं वाटे.

तालमी शुक्रवारी रात्री आणि शनिवारी. कारण सगळ्यांना सुट्टी. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडला म्हणून आजोबा नातवावर जो सात मिनिटांचा डोंगर कोसळवतात, तो प्रवेश आम्ही ओळीने पाच शब्बाथ बसवला. मी काही फार पाळणारा नव्हे. पण आई दारात उभी राहून म्हणायची, "जा, जा. दोन हजार वर्षं घाणा बंद ठेवला, तो तुझ्या नाटकासाठी चालू कर."

वस्तूंची जमवाजमव हा वेगळाच अध्याय. ज्यू दिवा हवा म्हणून नेपथ्यवाला देव्हाऱ्यातली समई घेऊन आला. मी सांगितलं, मेनोराला सात फांद्या असतात, हनुक्का सणाच्या दिव्याला नऊ. तो म्हणाला, "पाच वाती आहेत, भाव महत्त्वाचा." दाराला मेझुझा हवा म्हणून मी आमच्या घरचा नमुना दाखवायला दोघांना घरी नेलं. चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी डबी, आत चर्मपत्रावर तोरा या धर्मग्रंथातली वचनं. जाता-येता हात लावून तो ओठांना लावायचा. नेपथ्यवाल्याने ती तीनदा दाबली आणि म्हणाला, "बेल बंद आहे तुमची." यात त्याचा दोष नाही. कुरिअरवालेही दाबतात.

कपडेपट आणायला मीच गेलो. भाड्याने पोशाख देणारे गृहस्थ जुने, मुरलेले. त्यांनी वहीत बघितलं. "ज्यू? पारशी आहे. अरब आहे. पादरी आहे. ज्यू कुणी मागितलाच नाही." विचार करून म्हणाले, "पादरी घ्या, दाढी लावा." मी सांगितलं, की माझे पणजोबा धोतर, कोट आणि पगडी घालायचे. ते म्हणाले, "मग टिळकांचा घेऊन जा. तो कायम तयार असतो." शेवटी पादऱ्याचे नऊ झगे, जादूगाराच्या नऊ काळ्या टोप्या आणि कानांवरून सोडायला झिपऱ्या. झिपऱ्या द्रौपदीच्या गंगावनातून कापल्या.

नऊच का? कारण शेवटच्या प्रवेशात आजोबांच्या प्रेताभोवती कद्दिश म्हणायची होती. ही आमची मृतांसाठीची प्रार्थना. तिला दहा पुरुष लागतात, त्याशिवाय म्हणता येत नाही. मंडळात पुरुष नटच दहा, त्यातला एक मेलेला. आता यात माझं काळीज अडकलेलं. आमच्या सिनेगॉगमध्येही, म्हणजे प्रार्थनामंदिरातही, हाच घोळ असतो. ठाण्याचं शार हशमायिम 1879 सालचं. पूर्वी जागा पुरायची नाही म्हणतात, आता एखाद्या सकाळी नऊ जण जमतात आणि दहाव्यासाठी फोनाफोनी होते. अर्धे नातेवाईक तर इस्रायलला गेले. तिथल्या उन्हात बसून मराठी मासिक वाचतात आणि फोनवर आम्हाला सुके बोंबील पाठवायला सांगतात. मी ही व्यथा तालमीत बोलून दाखवली, तेव्हा सगळ्या मंडळाला गहिवरून आलं. "आमचे नऊ जण कधीही बोलवा," दिग्दर्शक म्हणाला. "दाढीसकट येतील."

पण नाटकाला दहावा हवाच होता. आणि अशा रीतीने, सहा आठवड्यांनी, मला ज्यूचं काम मिळालं. गर्दीतलं. पाठमोरं.

घरी सांगितलं तर आईने चमचा खाली ठेवला. "कद्दिश? मी जिवंत आहे आणि तू कद्दिश म्हणणार?"

आमच्यात आई-बाप आहेत तोवर मुलाने ती म्हणायला बसू नये असं मानतात. मी म्हटलं, नाटक आहे. ती म्हणाली, देवाला काय माहीत. हा मुद्दा मला खोडता आला नाही. शेवटी तडजोड झाली: प्रार्थना रेकॉर्डवर वाजेल, आम्ही दहा जणांनी नुसतं पुढेमागे डोलायचं आणि ओठ हलवायचे. आईने अट घातली, की मी ओठही हलवायचे नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी नारळ फुटला, नटराजाची पूजा झाली, तिसरी घंटा झाली. मी विंगेतून बघितलं तर तिसऱ्या रांगेत आई. सोबत सिनेगॉगमधल्या सात म्हाताऱ्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. मध्ये एक डबा फिरत होता.

पहिला अंक बरा गेला. 'ओय वे'ला एक माणूस सातत्याने हसत होता, तो मंडळाचा अध्यक्ष निघाला. सँडविचचा प्रवेश मात्र पडला. मटण आणि चीज एकत्र खाल्लं म्हणून आजोबा छाती पिटतात. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, हे दोन वाक्यांत सांगा असं मी म्हणत होतो. कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना त्यातलं मांस खटकत होतं आणि उरलेल्यांना भूक लागली होती. तिसऱ्या रांगेत मात्र एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मग नारळाचं दूध घालायचं ना. आपण काय करतो?"

मग आला शेवटचा प्रवेश. आजोबा पलंगावर मेले. एक डोळा किंचित उघडा ठेवून मेले, कारण दिग्दर्शन चालूच होतं. आम्ही दहा जण काळ्या टोप्या घालून आत आलो, पलंगाभोवती उभे राहिलो, डोलायला लागलो. रेकॉर्ड वाजली नाही.

डोललो. वाजली नाही. ध्वनीवाला पोरगा काचेमागे लॅपटॉपवर वाकून काहीतरी शोधताना दिसत होता. त्या भयाण शांततेत प्रत्येकाने आपल्याला पाठ असलेलं पुटपुटायला सुरुवात केली. माझ्या उजवीकडे 'भीमरूपी महारुद्रा' चालू झालं. डावीकडचा बँकेतला होता, त्याने एकोणतिसाचा पाढा धरला. समोरच्याची दाढी सुटून छातीवर आली होती, तो नुसताच 'ओय वे, ओय वे' म्हणत होता, आणि ते पहिल्यांदाच मनापासून आलेलं होतं.

प्रेत दातांतल्या दातांत म्हणालं, "सल्लागार! म्हणा काहीतरी!"

कद्दिश म्हणता येत नव्हती, समोर आई बसलेली. डोकं रिकामं झालं. रिकाम्या डोक्यात जे लहानपणापासून आपोआप येतं तेच आलं. मी एलियाहू हनाबीचं गाणं सुरू केलं.

हे गाणं आम्ही मलिद्याला म्हणतो. मलिदा म्हणजे पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची, वर फळं. ताट भरून मध्ये ठेवायचं आणि नवस फेडायचा, आनंद साजरा करायचा. लग्न, बारसं, नवं घर, पोराला व्हिसा. मयताला हे कुणी म्हणत नाही. पण दुसऱ्या ओळीला तिसरी रांग उठली. आठ पदर डोक्यावर गेले. आठ आवाज, त्यातले सहा बेसूर, आणि टाळ्यांचा ठेका. पलंगाभोवतीच्या नऊ नकली ज्यूंना ठेका सापडला, तसे ते डोलायचे थांबून चक्क नाचायला लागले. मराठी नटाला ठेका मिळाला की प्रेत वगैरे तो बघत नाही. प्रेक्षकही टाळ्या वाजवू लागले. चौथ्या कडव्याला प्रेताचा पाय हलायला लागला, आणि पाचव्याला, परशुरामाने यावं तसं, आजोबा उठून बसले.

पडदा कुणी पाडला ते मला माहीत नाही. त्याचे उपकार आहेत.

नंतर रंगपटात मी गालावरचा गोंद सोडवत बसलो होतो. आई आत आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. दाराबाहेर दिग्दर्शक, अर्धी दाढी उतरवून, ध्वनीवाल्या पोराला झापत उभा होता. आई त्याच्याकडे एकटक बघत होती.

"कुठला रे तो?" तिने हळूच विचारलं. "आपल्यातला ना? नाक बघ, डोळे बघ. लग्न झालंय?"

आत्याची नात एकतीस वर्षांची आहे. आमच्यात स्थळं मिळत नाहीत, आणि मिळाली तर ती इस्रायलमध्ये बीरशेबाला असतात.

"आई, तो कोकणस्थ आहे."

"म्हणजे?"

"चित्पावन. समुद्रावर चौदा जण वाहून आले, परशुरामाने..."

"चौदा?" तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे मागच्या बोटीतले. विचार तर खरं." आणि चीकच्या हलव्याचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा त्याला दे. तू घरी ये, तुला जेवायला आहे."