‘नुसते कॉर्ड्स शिकवले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं की ‘बॉडी अँड सोल’ या जॅझ गाण्याच्या वर्कशॉपमध्ये अर्धा वेळ कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) चिरफाड झाली, सोलोला वेळ उरला नाही, आणि सगळं डी-फ्लॅटच्या एका मेजर स्केलवर, म्हणजे त्या एकाच सात स्वरांच्या मालिकेवर, भागलं असतं. शिवाय कूलरचा आवाज. मे महिन्यात नागपूरच्या धंतोलीत कूलर बंद केला तर गिटारच्या आधी आपणच उतरू, त्यामुळे ते राहू द्या.

स्केलचं मात्र सोडवत नाही. गाणं ३२ बारांचं (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन), एएबीए: आठ बारांचा ए भाग दोनदा, मग बी, मग पुन्हा ए. ए भागात तुमचं डी-फ्लॅट बरंचसं खपतं. बी भागात सा-च सरकतो! पेटीवाल्यांच्या भाषेत काळी एकवरून (डी-फ्लॅट) पांढरी दोन (डी), चार बारांनी पांढरी एक (सी), आणि शेवटी सी सेव्हन, बी सेव्हन, बी-फ्लॅट सेव्हन या कॉर्ड्सनी उतरत परत ए भागाची पहिली कॉर्ड, ई-फ्लॅट मायनर. डी-फ्लॅट मेजर आणि डी मेजर या दोन स्केलमध्ये सामाईक स्वर फक्त दोन. जलद गाण्यात चुकीचा स्वर निसटून जातो. अशा संथ बॅलडमध्ये मिनिटाला ६० ठोके धरले तर एक बार चार सेकंदांचा, तिथे तो लपत नाही. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवलंय, १७व्या बारापासून, म्हणजे बी भागापासून ऐका.

ए-फ्लॅट सेव्हनच्या जागी डी सेव्हन घेण्याला तुम्ही ‘पंडिती’ म्हटलंत. दोन्हींत सी आणि जी-फ्लॅट आहेत, म्हणून अदलाबदल चालते. शिवाय बास (सगळ्यात खालचा स्वर) अर्ध्या सुराने डी-फ्लॅटवर उतरतो. ऐकायलाही सुंदर लागतं, माझ्या मते तरी.

सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ला हे गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा सुरुवातीच्या काही बारांनंतर मूळ चाल जवळजवळ सोडूनच दिली. तरी आपण गाण्यात कुठे आहोत ते कळत राहतं, कारण तो कॉर्डमागून कॉर्ड उलगडत जातो. फळ्यावर आम्ही तेच लिहीत होतो.

वर्कशॉप पूर्ण झालंय, त्यामुळे फी परत मिळणार नाही. पुढच्या बॅचमध्ये पहिला तास फक्त बी भागाच्या आठ बारांचा आहे. त्याला या, पैसे नकोत. गाडी मागच्या गल्लीत लावा, समोर जागा नसते.